गुलामांचा व्यापार : वर्गात आणि वर्गाबाहेर मला वारंवार विचारले गेलेले प्रश्न

नाशिकला शाळेत इतिहास शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पाठ्यपुस्तकात गुलामांच्या व्यापाराला जेमतेम परिच्छेदभर जागा असायची. पण तो परिच्छेद वाचून झाला की मुलांचे हात वर व्हायचे, आणि पुढचे दोन तास त्यातच जायचे. निवृत्तीनंतर सोसायटीतली माणसं, जुने विद्यार्थी, त्यांची आता मोठी झालेली मुलं तेच प्रश्न विचारतात. उत्तरं जशी तोंडी देते तशीच इथे लिहिली आहेत.

बाई, नाशिकच्या माणसाला या विषयाशी काय देणंघेणं?

शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. भाजी घेतो, सिग्नलला थांबतो. मीही लहानपणापासून ते नाव घेत आले आणि ‘शरण’ कोण आलं होतं, हे वयाच्या तिशीपर्यंत मला सुचलंही नाही.

१८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीनं नाशिकजवळ शरणपूर ही वसाहत वसवली. त्या काळात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं भरून निघालेली गलबतं ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात अडवत असे. सुटलेल्या माणसांत पोरंसोरं खूप. त्यांना मुंबईत उतरवायचे, आणि त्यातल्या अनेकांची रवानगी शरणपूरच्या आश्रमात व्हायची. तिथे सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकवत. गाव जळालेलं, आईबाप कुठे ते माहीत नाही, अंगावर परक्यानं ठेवलेलं नाव, अशी ती पोरं गोदावरीच्या काठी वाढली.

त्यातलाच एक जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंगस्टन हा आफ्रिका धुंडाळणारा ब्रिटिश मिशनरी. १८७२ साली त्याच्या मदतीसाठी आफ्रिकेत जी तुकडी गेली, तीत जेकब होता. १८७३च्या मे महिन्यात चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. सोबत्यांनी त्याचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं आणि जेकबनं त्या झाडाच्या खोडावर लिव्हिंगस्टनचं नाव आणि तारीख कोरली. मग मृतदेह मीठ लावून वाळवला, झाडाच्या सालीत बांधला आणि नऊ महिने पायपीट करून समुद्रापर्यंत पोचवला. जेकब तो घेऊन लंडनपर्यंत गेला. १८७४च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीचा मान ज्यांना मिळाला त्यांत तो उभा होता. मुलांना मी सांगायचे, त्या खोडावरच्या अक्षरांचं वळण शरणपूरच्या शाळेतलं आहे.

पुढे १८७५च्या सुमाराला यातल्या बऱ्याच जणांना मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउन या वसाहतीत नेलं. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत.

अटलांटिकच्या व्यापारात एकूण किती माणसं नेली?

सोळाव्या शतकापासून १८६०च्या दशकापर्यंत, साडेतीनशे वर्षांत, सुमारे १ कोटी २५ लाख माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजात चढवली गेली. पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली ती सुमारे १ कोटी ७ लाख. मधली समुद्रात गेली. किनाऱ्यापर्यंतच्या वाटचालीत आणि कोठड्यांत मेली ती यात नाहीत.

सगळी अमेरिकेत, म्हणजे आजच्या युनायटेड स्टेट्समध्ये गेली असं आपल्याकडे वाटतं. तिथे थेट उतरवलेली माणसं चार लाखांच्या आत आहेत. एकट्या ब्राझीलमध्ये जवळपास ४८ लाख. बाकीची बहुतेक कॅरिबियन बेटांवर उसाच्या मळ्यांत. चहात साखर घालायची सवय युरोपला लागली, तिची किंमत या माणसांनी चुकवली.

जहाजात माणसं कशी ठेवत?

‘ब्रूक्स’ नावाचं लिव्हरपूलचं जहाज होतं. गुलामगिरीविरोधी मंडळींनी १७८८ साली त्याचा नकाशा छापला आणि तो इंग्लंडभर वाटला. नकाशातली मापं अशी : पुरुषाला ६ फूट लांब आणि १ फूट ४ इंच रुंद जागा. बाईला ५ फूट १० इंच, रुंदी तेवढीच. मुलाला ५ फूट बाय १ फूट २ इंच. मुलीला ४ फूट ६ इंच बाय १ फूट. या मापानं ४५४ माणसं मावतात. ती त्या वर्षीच्या नव्या कायद्यानं घालून दिलेली मर्यादा होती. त्याआधी याच जहाजानं एका फेरीत सहाशेच्या वर माणसं नेली होती.

ही मापं वाचून मला काही कळेना. म्हणून एका रविवारी घरच्या शहाबादी फरशीवर खडूनं १६ इंचांवर रेघ मारली, पुढे आणखी १६ इंचांवर दुसरी. मोजपट्टी बाजूला ठेवून दोन रेघांमध्ये उताणी झोपले. माझे खांदे दोन्हीकडून रेघेबाहेर गेले. कुशीवर वळले तेव्हा मावले. कुशीवरच मावतं माणूस, आणि असे सहा ते आठ आठवडे काढायचे, पायात बेडी, वरचं छत बसून मान ताठ करता येणार नाही इतकं खाली. हगवण लागली की तिथेच.

वर्गात मी फक्त रेघा मारायचे. मुलांना त्यात झोपायला कधी सांगितलं नाही. तो खेळ होऊ नये. रेघा मारून मापं वाचली की मुलं आपोआप त्या जागेला वळसा घालून बाहेर जायची. सगळ्यात छोटा, एक फूट रुंदीचा चौकोन मुलीचा आहे हे कुणीतरी बघायचंच.

त्या काळी हे चूक मानलंच जात नव्हतं. आजच्या फूटपट्टीनं कालचं मोजणं बरोबर आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि चांगली, विचारी माणसं विचारतात. मला उलट एवढंच विचारायचंय, ‘त्या काळी’ म्हणजे कुणाच्या मते? जहाजाच्या तळाशी बेड्यांत पडलेली माणसं त्याच काळातली होती. त्यांचं मत काय होतं ते त्यांनी लपवून ठेवलं नाही. जेवण नाकारलं, तर लोखंडी चिमट्यानं जबडा उघडून भरवावं लागे. समुद्रात उड्या मारल्या, म्हणून जहाजाच्या कडेनं जाळ्या बांधाव्या लागल्या. बंडं केली, म्हणून तोफांची तोंडं डेकच्या आतल्या बाजूला वळवून ठेवावी लागली. चूक मानलं जात नव्हतं, तर जाळ्या कशाला?

आणि सत्तेवरच्यांतही सगळे गप्प नव्हते. काँगोचा राजा पहिला अफोन्सो स्वतः ख्रिस्ती, पोर्तुगालचा मित्र. १५२६ साली त्यानं पोर्तुगालच्या राजाला पत्रं लिहिली की तुमचे व्यापारी माझ्या प्रजेला, सरदारांच्या मुलांनाही, पळवून नेताहेत, देश ओस पडतोय. शेकडो वर्षांनी युरोपात उठलेल्या आवाजाआधीचं हे पत्र आहे. वाचलं गेलं, आणि व्यापार चालू राहिला.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त छळते. जॉन न्यूटन हा इंग्रज कप्तान. १७४८च्या एका वादळात तो देवभक्त झाला. त्यानंतर १७५४पर्यंत तो गुलामांच्या जहाजांवर होता, त्यातला बराच काळ कप्तान म्हणून. डेकवर प्रार्थना चालायची, बायकोला प्रेमळ पत्रं जायची, आणि फळ्यांच्या खाली माणसं होती. पुढे तो धर्मगुरू झाला. या व्यापाराविरुद्ध त्यानं जाहीरपणे लिहिलं ते १७८८ साली, म्हणजे समुद्र सोडल्यावर ३४ वर्षांनी. तो राक्षस असता तर मला झोप लागली असती. पण तो आपल्यातलाच, पूजाअर्चा करणारा, वेळेवर पत्र लिहिणारा माणूस होता. सभोवतालचे सगळे ज्याला व्यवसाय म्हणतात, त्याला पाप म्हणायला त्याचं निम्मं आयुष्य गेलं. म्हणून ‘त्या काळी’ हा शब्द माफीनाम्यासारखा वापरू नये असं मला वाटतं. चांगल्या माणसांना कळायला इतका वेळ का लागला, हे विचारावं.

‘झोंग’ जहाजाचं प्रकरण काय आहे?

१७८१चा नोव्हेंबर. लिव्हरपूलच्या मालकांचं झोंग हे जहाज कोंबून भरलेलं. जमैका ओळखायला चूक झाली आणि जहाज पुढे निघून गेलं. पाणी पुरणार नाही असं सांगून खलाशांनी काही दिवसांत सव्वाशेच्या वर माणसं, बायका आणि पोरं आधी, जिवंत समुद्रात टाकली. शेवटी दहा जणांनी खलाशांच्या हाती लागण्याआधी स्वतः उड्या घेतल्या.

यामागे हिशोब होता. माणूस जहाजावर आजारानं मेला तर नुकसान मालकाचं. ‘माल’ वाचवण्यासाठी थोडा माल फेकावा लागला तर नुकसान विमा कंपनीचं, डोई ३० पौंड. मालकांनी दावा लावला. १७८३ साली लंडनच्या ज्यूरीनं निकाल दिला तो मालकांच्या बाजूनं. मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड त्या निकालाबद्दल नंतर म्हणाले की, हे प्रकरण घोडे समुद्रात फेकल्यासारखंच धरलं गेलं. फेरसुनावणीत पुढे आलं की शेवटची माणसं फेकण्याआधी पाऊस पडला होता आणि पिंपं भरून घेतली होती. फेरखटल्याचा हुकूम झाला.

खुनाचा खटला कुणावरही भरला गेला नाही. ही बातमी गुलामगिरीविरुद्ध झगडणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पकडे नेली ती ओलौदा इक्वियानो या, स्वतः गुलामगिरी भोगून सुटलेल्या माणसानं. शार्पनं धडपड केली, यश आलं नाही.

कौर्य खूप ठिकाणी वाचलंय. पण हा खटला विम्याचा होता, दोन्ही बाजूंचे वकील पैशांबद्दल बोलत होते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन उभी राहिले होते.

पण आफ्रिकन लोकांनीच आपली माणसं विकली ना?

‘आपली’ हा शब्द इथे बसत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमी राज्याच्या राजानं पकडलेली माणसं त्याची नव्हती, शत्रूच्या मुलखातली होती. ‘आम्ही सगळे आफ्रिकन’ ही भावना तेव्हा नव्हती, जशी सतराव्या शतकात ‘आम्ही सगळे भारतीय’ ही नव्हती. शिवाय हा धंदा स्वतःला पोसत होता. किनाऱ्यावर बंदुका यायच्या त्या माणसांच्या बदल्यात. शेजाऱ्याकडे बंदुका आल्या की आपल्याकडे हव्यात, आणि त्यासाठी आणखी माणसं पकडायला हवीत.

विकणारा दोषी आहेच. पण वाटेकरी वाढले म्हणून कुणाचा वाटा कमी होत नाही.

भारताचा या व्यापाराशी काही संबंध?

आहे, आणि आपल्या अगदी अंगावरच्या वस्तूंतून आहे.

आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, ‘फुटकी कवडी देणार नाही’ म्हणतो. तुळजाभवानीच्या भोप्यांच्या, आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. मालदीवच्या समुद्रातली हीच कवडी बंगालमार्गे युरोपला जायची, जहाजांना भार म्हणून तळाशी भरून. तिथून पश्चिम आफ्रिकेत. बेनिनच्या किनाऱ्यावर, विडासारख्या बंदरात, कवडी हे चलन होतं आणि तिथे माणूस कवड्या मोजून विकत मिळायचा. हे कळल्यापासून ‘कवडीमोल’ शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाही.

दुसरं कापड. पश्चिम आफ्रिकेत माणसांच्या बदल्यात जो माल जायचा त्यात हिंदुस्थानी सुती कापडाचा मोठा हिस्सा होता. पाँडिचेरीकडचं निळं कापड तर त्यासाठीच नावाजलेलं. इकडे दीवचे व्यापारी मोझांबिकला कापड नेत आणि हस्तिदंत आणत, गुलामही आणत. विणकराला आपला तागा कुठे जातो ते ठाऊक नसेल, पण मोझांबिकला स्वतः जाणाऱ्या व्यापाऱ्याला ठाऊक होतं.

गोवा तर उघड बाजार होता. लिन्स्खोतेन हा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात होता. जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर माणसं जनावरांसारखी विकली जायची, हे त्यानं लिहून ठेवलंय. आज तिथे आपण चर्च बघायला जातो, फोटो काढतो. त्या रस्त्यावर हेही घडलं, हे गाइडनं सांगितलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

झांझिबारला कच्छी व्यापारी गुलामांच्या व्यापारात भांडवल घालत, घरात गुलाम ठेवत. १८६०च्या सुमाराला तिथल्या ब्रिटिश वकिलानं या हिंदुस्थानी लोकांकडचे हजारो गुलाम सोडवले. तिथला बाजार १८७३ साली एका करारानं बंद झाला. त्या करारासाठी गेलेले सर बार्टल फ्रीअर हे त्याआधी मुंबईचे गव्हर्नर होते. फ्रीअर टाउनचं नाव त्यांच्यावरून पडलं.

आपल्याकडे मलिक अंबर गुलामाचा राज्यकर्ता झाला. म्हणजे आपल्याकडची गुलामगिरी सौम्य होती?

मलिक अंबर माझा आवडता माणूस. इथिओपियात १५४८च्या सुमाराला जन्मलेला मुलगा विकला गेला, बगदादवरून दख्खनेत आला. अहमदनगरच्या पेशव्यानं, म्हणजे मुख्य प्रधान चंगीझखानानं, त्याला विकत घेतलं. चंगीझखान स्वतःही हबशी होता. मालक गेल्यावर अंबर मोकळा झाला, निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवलं, खडकी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद. तिथली नहर त्याची. १६२६ साली वारला, खुलताबादला कबर आहे. वेळ काढून जाऊन या.

पण लष्करात घेतलेल्या पोराला वर चढायला शिडी होती. पाठीमागच्या अंगणात दळण दळणाऱ्या बाईला नव्हती. पेशवाईतल्या कुणबिणी आठवा. दुष्काळात विकलेल्या, परमुलखातून आणलेल्या, आणि शिंदळकीचा ठपका ठेवून सरकारनं गुलाम केलेल्या बायका. त्या विकल्या जात, लेकीबरोबर आंदण दिल्या जात, पागेत आणि कोठीत राबत. म्हातारी झाली, कामाची उरली नाही म्हणून सोडल्याच्याही नोंदी आहेत. तिच्या पोटचं पोरही मालकाचंच. सौम्य कुणाला वाटली असेल ही? वाड्यातल्या माणसाला.

‘सत्तेची बटीक’ असं वर्तमानपत्रं आजही छापतात. बटीक म्हणजे विकत घेतलेली बाई. शब्द राहिला, बाई विसरली गेली.

अरबांच्या व्यापाराबद्दल कुणी बोलत नाही. का?

बोलायला हवं. सहारातून आणि हिंदी महासागरातून चाललेला व्यापार अटलांटिकपेक्षा कितीतरी जुना, आणि त्यातही लक्षावधी माणसं गेली. मुलांना खच्ची करून जनानखान्यावर नेमत, त्यात किती दगावत याची मोजदाद नाही. शरणपूरची पोरं याच व्यापारातून सुटलेली. सौदी अरेबियात गुलामगिरी कायद्यानं संपली १९६२ साली, मॉरिटानियात १९८१ साली. पण हा प्रश्न बहुतेक वेळा अटलांटिकचा विषय थांबवायला विचारला जातो. एकानं केलं म्हणून दुसऱ्याचं झाकत नाही.

इंग्रजांनीच हा व्यापार बंद केला, हे तर त्यांचं श्रेय?

१८०७ साली त्यांनी व्यापार बंद केला, १८३३ साली वसाहतींतल्या गुलामगिरीविरुद्ध कायदा केला. त्यासाठी साखर सोडणाऱ्या बायका, सह्या गोळा करणारे कारागीर, सगळ्यांना श्रेय द्यायलाच हवं. पण त्याआधी सेंट डोमिंगो या फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांनी १७९१ साली बंड केलं, फ्रेंच, इंग्रज, स्पॅनिश फौजांना हरवलं आणि १८०४ साली हैती हा देश उभा केला. आमच्या पुस्तकात त्यावर एक ओळ नव्हती.

आणि १८३३च्या कायद्यात भरपाई होती २ कोटी पौंडांची, त्या वर्षीच्या सरकारी खर्चाच्या सुमारे ४० टक्के. ती मालकांना मिळाली. त्यासाठीच्या कर्जाचा शेवटचा भाग ब्रिटिश सरकारनं फेडला २०१५ साली. राबलेल्या माणसांना एक पेनी नाही, वर १८३८पर्यंत ‘शिकाऊ’ म्हणून त्याच मालकाकडे काम. हैतीला तर १८२५ साली फ्रान्सनं युद्धनौका पाठवून स्वतःच्याच सुटकेबद्दल १५ कोटी फ्रँकचा दंड लावला. कंपनी सरकारचा हिंदुस्थान १८३३च्या कायद्यातून वगळलेलाच होता. इथे १८४३चा पाचवा कायदा आला, आणि गुन्हा ठरला तो दंडविधानात, १८६० साली.

गिरमिटिया मजूर म्हणजे गुलामच का?

नाही. गिरमिट म्हणजे ‘ॲग्रीमेंट’. करार होता, मुदत होती, मूल मालकाचं नव्हतं. पण गुलाम सुटल्यावर रिकाम्या झालेल्या जागीच त्यांना नेलं. मॉरिशसला १८३४पासून त्यांच्या तुकड्या जाऊ लागल्या. पुढे रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसंही मुंबईहून गेली, त्यांचे वंशज तिथे आजही मराठी सण करतात. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आणि पळालेल्या गुलामांनी आसरा घेतलेला ल मॉर्नचा डोंगर, दोन्ही जागतिक वारसा आहेत. आपली माणसं पहिलं बघून परततात. दुसरंही बघावं.

जात आणि गुलामगिरी यांची तुलना योग्य आहे का?

दोन्ही एक नाहीत. तरी जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. पुण्यात बसून त्यांना ते नातं दिसलं. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागताहेत त्या अर्जाची प्रत मागितली, आणि ड्यू बॉइस यांनी उत्तर दिलं. ज्यांनी भोगलं त्यांनी एकमेकांना ओळखलं. तुलना बरोबर की चूक हे ठरवायला मी त्यांच्यानंतर येते.

आज आपण कशाला अपराधी वाटून घ्यायचं?

अपराधी वाटून घ्या असं मी म्हणत नाही. आजोबांनी केलेल्या गुन्ह्याची शिक्षा नातवाला नसते. पण आजोबांची इस्टेट घेतली तर त्यावरचं देणंही बघावं लागतं, हे आपल्याकडे सातबारा बघणाऱ्या कुणालाही समजतं. आणि वीटभट्टीवर ‘उचल’ घेऊन अडकलेलं कातकरी कुटुंब आजही नाशिक-रायगडच्या रस्त्यावर दिसतं. वेठबिगारीविरुद्ध कायदा १९७६चा आहे. अटलांटिकशी त्याची बरोबरी मी करणार नाही. पण घरासाठी विटा मागवताना भट्टी कुणाची, माणसं कशी ठेवलीत, हे मी विचारते.

या माणसांची नावं कुठे सापडतात का?

हा प्रश्न आठवीतल्या एका मुलीनं विचारला होता, फार वर्षांपूर्वी. झोंगच्या कागदांत आकडे आहेत, नावं नाहीत. बहुतेक जहाजांचं तसंच.

पण १८०७नंतर अडवलेल्या जहाजांतली माणसं सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला किंवा हवानाला उतरवत, तिथे कारकून वही घेऊन बसलेला असे. नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा. दुभाष्यामार्फत विचारायचा आणि कानाला ऐकू येईल तसं लिहायचा. अशी नव्वद हजारांहून जास्त नावं शिल्लक आहेत. स्पेलिंग वेडंवाकडं, कुठल्या भाषेतलं ते लिहिलेलं नाही. म्हणून अभ्यासकांनी ती नावं मोठ्यानं उच्चारून ध्वनिमुद्रित केली आणि आफ्रिकेतल्या लोकांना ऐकवली. कुणीतरी ऐकतं आणि सांगतं, हे आमच्याकडचं नाव आहे, आमच्याकडे मुलीचं ठेवतात.